मृगाच्या आधी हा राडारोडा उचलू या

खंडाळा हे एका धारेवर बसलेलं गाव आहे. धारेच्या पूर्वेला पडलेला पाऊस इंद्रायणीचा होतो. तिचा उगम इथून जवळच, नागफणीच्या पाठीशी असलेल्या कुरवंड्यात. तिथून ती लोणावळा, कामशेत, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते, आणि तेच पाणी पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वारकरी डोळ्यांना लावतात. धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस दरीत उतरतो. राजमाचीकडच्या डोंगरातलं आणि कुण्याच्या धबधब्याचं पाणी उल्हास नदीत जातं आणि पुढे बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येतं. बोरघाटातून खोपोलीकडे घसरणारं पाणी पाताळगंगेचं. या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, पुण्यात पडतो त्याच्या पाचपटीहून जास्त. पाण्याची ही श्रीमंती ओळखूनच टाटांनी इथे धरणं बांधली आणि 1915 साली खोपोलीला वीज तयार केली.

तीन नद्यांना पाणी देणाऱ्या या उतारांवर आज राडारोडा पडतो आहे. बंगल्याचं नूतनीकरण झालं की निघालेल्या फरशा, फुटकी कमोडं, पीओपीचे तुकडे, जुने सिमेंटचे पत्रे, रंगाचे डबे, वायरींची भेंडोळी. त्यात मिसळलेला शनिवार-रविवारचा कचरा: थर्माकोलच्या ताटल्या, बाटल्या, डायपर, उरलेली बिर्याणी, काळ्या पिशव्यांत बांधून फेकलेली. जागा बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. रस्त्याला लागून, कुंपण पडलेली, गवत माजलेली, मालक मुंबईत किंवा परदेशात. एक टेम्पो रात्री तिथे येऊन लागतो, फाळका उघडतो, पाच मिनिटांत रिकामा होऊन निघून जातो. सकाळी लोक बघतात आणि पुढे जातात. आठ दिवसांनी तिथे दुसरा टेम्पो येतो, कारण आता ती कचरा टाकायची जागा झालेली असते.

विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर मिळतं: ती खासगी जागा आहे. शेजारी म्हणतो, खासगी जागा आहे, मी कसा बोलू? कार्यालयातला माणूस म्हणतो, खासगी जागा आहे, मालकाचा अर्ज आणा. मालक म्हणतो, टाकलं दुसऱ्यानं, मी का उचलू? तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खोटं नाही. पण तिघांच्या मधे तो ढीग तसाच राहतो आणि जूनमध्ये पाऊस येतो. पावसाला सातबारा वाचता येत नाही. सर्व्हे नंबर कुणाचाही असो, ढिगातलं काळं पाणी ओढ्यात उतरतं, ओढा नदीला मिळतो, आणि ज्यांनी खंडाळा कधी पाहिलेलाही नाही अशा माणसांच्या तांब्यात ते पोचतं.

मला या लेखात एवढंच सांगायचं आहे की खंडाळ्यात खासगी कचरा असा काही प्रकार नाही. जमीन खासगी असेल, तिची किंमत, तिचा कर, तिचं कुंपण मालकाचं असेल. तिच्यावरून वाहणारं पाणी मात्र आळंदीचं आणि कल्याणचं आहे. म्हणून ती स्वच्छ ठेवणं हे आपल्या सगळ्यांचं काम आहे, आणि ते येत्या पावसाआधी करायचं आहे.

हे होतं कसं, ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण केवळ टेम्पोवाल्याला शिव्या देऊन काही साधत नाही. बंगल्याचं काम ठेकेदार घेतो. दर ठरवताना राडारोडा उचलण्याची ओळ अंदाजपत्रकात नसते, किंवा असते ती 'मलबा काढणे' एवढीच. कुठे नेऊन टाकणार हे मालक विचारत नाही. ठेकेदार ते काम टेम्पोवाल्याला देतो, टेम्पोवाल्याला खेपेवर पैसे मिळतात, आणि खेप जितकी जवळ रिकामी होईल तितकं डिझेल वाचतं. सगळ्यात जवळची मोकळी जागा म्हणजे ज्याचा मालक येत नाही तो प्लॉट. तिथे राखणदार असला तरी त्याचा पगार महिन्यामागून महिने थकलेला असतो, किंवा त्याला रात्री चार पैसे मिळतात आणि तो आत जाऊन झोपतो. भाड्यानं दिल्या जाणाऱ्या बंगल्यांचीही अशीच कथा आहे. पाहुणे रविवारी दुपारी निघतात, मागे डझनभर पिशव्या राहतात, सोमवारी नवे पाहुणे यायचे असतात. केअरटेकर घंटागाडीची वाट पाहत बसू शकत नाही, मालकानं त्याची सोय करून दिलेली नसते. पिशव्या कुंपणापलीकडे जातात.

आणि एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. बराच राडारोडा मालकाच्या संमतीनं पडतो. उतारावरचा प्लॉट सपाट करायचा असतो. मुरूम विकत घ्यायचा तर पैसे पडतात, त्यापेक्षा कुणी फुकट भराव देत असेल तर घेऊन टाकू, असा विचार होतो. पहिल्या दोन-चार गाड्या मातीच्या येतात. मग तिच्याआडून विटा येतात, मग प्लास्टिक येतं, मग काहीही येतं. वर मुरमाचा एक थर ओढला की प्लॉट सपाट दिसतो. आतला ओढा मात्र बुजलेला असतो. आपल्या जागेत फुकटचा भराव घेणाऱ्या प्रत्येक मालकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: तो भराव फुकट नसतो. त्याचे पैसे खालच्या घरातला माणूस भरतो.

कारण घाटमाथ्यावर पाणी कुठून वाहायचं हे डोंगरानं फार पूर्वी ठरवून ठेवलं आहे. गवत, कारवी, झुडपं मातीला धरून ठेवतात आणि पाणी आपापल्या घळीनं उतरतं. त्या घळीत राडारोडा टाकला की दोन गोष्टी होतात. खालचं गवत गुदमरून मरतं, आणि पाणी वाट बदलतं. सुटा भराव पाणी पिऊन जड होतो. त्याखालची जमीन उताराची असते आणि त्या दोघांना धरून ठेवणारं मूळ उरलेलं नसतं. जुलै 2015 मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून माणसं गेली. जुलै 2023 मध्ये इथून खालीच, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी रात्रीत गाडली गेली. त्या दुर्घटना कुणी टाकलेल्या राडारोड्यामुळे झाल्या असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं अप्रामाणिक होईल. पण पावसात हा डोंगर कसा वागतो हे आपण पाहिलेलं आहे. ते पाहिल्यावर त्याच्या उतारावर आणखी सुटं ओझं टाकणं आणि त्याच्या घळी बुजवणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

बाकीचे परिणाम खंडाळ्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. ढिगावर कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो. गाई प्लास्टिक खातात. रंगाच्या डब्यांत आणि टायरांत पाणी साचून डास होतात. आणि उन्हाळ्यात कुणीतरी ढीग पेटवून देतं, त्याचा धूर दरीत उतरून दिवसभर तिथेच घुटमळतो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये भरपाई भरायला लावावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2016 च्या डिसेंबरमध्येच दिलेला आहे. पेटवणं हा उपाय नाही, तो दुसरा गुन्हा आहे, हे आपल्या माळ्यांना, राखणदारांना आपण समजावून सांगितलं पाहिजे.

आपलं लोणावळा-खंडाळा कचऱ्याच्या बाबतीत मागासलेलं असतं तर मी इतक्या आशेनं लिहिलं नसतं. खंडाळा ज्या लोणावळा नगरपरिषदेत येतं ती 1877 सालची आहे. 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत लोणावळा देशात दुसरं आलं. पहिलं विटा आणि तिसरं सासवड, तिन्ही आपल्याच महाराष्ट्रातली. ज्या सफाई कामगारांनी भर पावसात, सुट्टीच्या दिवसांत लाखो पर्यटकांमागे झाडू फिरवून तो मान मिळवला, त्यांच्या कष्टाची किंमत आपण ठेवायची असेल तर घंटागाडी जिथे पोचत नाही त्या कुंपणाआडच्या जागा आपण पाहिल्या पाहिजेत. रस्ता चकचकीत आणि रस्त्यापासून वीस फुटांवर ढीग, ही स्थिती त्या कामगारांचा अपमान आहे.

वेळेवर हात घातला नाही तर काय होतं, त्याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात 163 एकरांवर पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं पडत राहिला. तो डेपो सरकारी होता, रीतसर होता. तरी त्याचं पाणी जमिनीखालून शेतकऱ्यांच्या खासगी विहिरींत गेलं आणि भरल्या विहिरींच्या गावांत टँकरची वाट पाहायची वेळ आली. एप्रिल 2017 मध्ये डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तीन आठवडे अडवून धरल्या, पुण्याच्या चौकाचौकांत ढीग साचले तेव्हा कुठे राज्य हललं. काही दशकं सहन केल्यावर. मोठ्या डेपोचं पाणी दिसायला तरी दिसतं. आपल्याकडे शंभर लहान ढीग आहेत असं समजा, त्यांचं पाणी कुणाच्या नोंदीतही येत नाही.

खालच्या अंगाला उल्हास नदीच्या खोऱ्यात काय झालं तेही आठवा. नोव्हेंबर 2014 मध्ये एका टँकरनं उल्हासनगरच्या वालधुनी नदीत रसायन ओतलं. त्या वायूनं शेकडो माणसं रात्री इस्पितळात गेली. एक टँकर, एक रात्र. एक्स्प्रेसवे आणि जुना हायवे, दोन्ही आपल्या दारातून जातात. ज्या निर्जन प्लॉटवर रात्री फरशांचा टेम्पो बिनधास्त रिकामा होतो, तिथे उद्या टँकर थांबणार नाही याची हमी कोण देईल? पहिल्या टेम्पोलाच अडवलं पाहिजे ते यासाठी.

आता कायद्याचं. तो आपल्या बाजूनं आहे, आणि लोकांना वाटतो त्याहून जास्त आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी स्पष्ट सांगितलं की कचरा निर्माण करणाऱ्यानं तो आपल्या आवाराबाहेर उघड्यावर, नाल्यात किंवा पाण्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांत कचऱ्याचे ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग घरातच करायचे आहेत. दुसऱ्याच्या जमिनीत शिरून घाण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली गुन्हेगारी अतिक्रमण ठरू शकतं, त्यातून सार्वजनिक उपद्रव होतो तो कलम 270 खाली येतो, आणि सार्वजनिक झऱ्याचं किंवा जलाशयाचं पाणी नासवलं तर कलम 279 आहे.

पण सगळ्यात उपयोगाचं शस्त्र वेगळंच आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार प्रांताधिकाऱ्यांना आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. त्यासाठी जमीन तुमच्या नावावर असावी लागत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी गल्लीतल्या उघड्या गटारांविरुद्ध याच कलमाखाली अर्ज केला होता. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैसे नाहीत ही सबब स्वच्छतेच्या कर्तव्यातून सुटका करू शकत नाही. साध्या वस्तीतल्या साध्या माणसांच्या अर्जानं देशाचा कायदा घडला. मावळ-मुळशीच्या प्रांतांकडे असा अर्ज खंडाळ्यातला कुणीही रहिवासी करू शकतो.

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ तर पुण्यातच आहे. एवढंच लक्षात ठेवा की तिथे वाद नेण्याची मुदत कारण घडल्यापासून सहा महिन्यांची असते, भरपाई आणि जागा पूर्ववत करून मिळण्यासाठी पाच वर्षांची. म्हणजे तारखेचा पुरावा हवा. याच न्यायाधिकरणाच्या आदेशावरून मे 2025 मध्ये चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले पाडले गेले. घरं घेणाऱ्या कुटुंबांचं त्यात फार नुकसान झालं, त्याचं वाईट वाटतं. पहिला भराव पडला तेव्हाच कुणी अडवलं असतं तर ती वेळ आली नसती. आपण त्याच नदीच्या उगमाशी राहतो.

म्हणून ज्यांच्या जागेत कुणी राडारोडा टाकला आहे त्यांनी आधी एक करावं. ढिगाला हात लावण्यापूर्वी तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढावेत. मग हातमोजे घालून ढीग थोडा उचकावा. त्यात टाइल्सच्या खोक्यावरचं नाव, कुरिअरचं पाकीट, हॉटेलचं बिल, औषधाची चिठ्ठी असं काहीतरी सापडतं, आणि त्यावरून मूळ बंगला कळतो. तेही जपून ठेवावं. लोणावळा शहर किंवा लोणावळा ग्रामीण पोलिसांत लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, तिची प्रत नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला आणि वडगावच्या तहसीलदारांना द्यावी, पंचनाम्याची मागणी करावी. हे केलं नाही तर उद्या अस्वच्छतेची नोटीस तुमच्याच नावानं निघेल आणि दुसऱ्यानं टाकलंय हे सांगायला तुमच्या हातात कागद नसेल. मग ढीग उचलावा, रीतसर ठिकाणी न्यावा, त्याची पावती ठेवावी. शेजारच्या ओढ्यात ढकलू नये, वर मुरूम ओढू नये. हा खर्च अन्यायाचा वाटतो, आणि तो आहेच. पण उचललेल्या जागेवर एक साधं तारेचं कुंपण, एक दिवा आणि आडवी साखळी बसली की टेम्पो बहुधा पुढे जातो. ढीग तसाच ठेवलेल्या जागेवर तो परत येतोच.

जे मालक मुंबई-पुण्यात राहतात त्यांना हात जोडून विनंती आहे. तुमच्या आजोबांनी किंवा वडिलांनी इथली हवा आवडली म्हणून ही जागा घेतली. वर्षातून एकदा तरी, पावसाआधी, येऊन ती चालून बघा. राखणदाराचा पगार वेळेवर द्या, त्याला तुमचा नंबर आणि बोलायचं बळ द्या. शेजाऱ्याकडे आपला संपर्क ठेवून जा, म्हणजे रात्री गाडी दिसली तर त्याला 'मी कसा बोलू' असं वाटणार नाही. बंगल्याचं काम काढलंत तर ठेकेदाराशी करार करताना राडारोडा कुठे जाणार हे लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता त्याची पावती बघूनच द्या. माझ्या मते निम्मा प्रश्न या एका अटीनं सुटेल.

बंगले भाड्यानं देणारे आणि हॉटेलवाले यांनी कचऱ्याचा खर्च खोलीच्या भाड्यात धरावा. दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्याला 2016 पासूनच मोठा कचरा उत्पादक म्हणून वेगळी जबाबदारी आहे. ओला कचरा आवारातच जिरवता येतो, इथे जागा आहे. सुक्याला भंगारवाले आहेत. वेंगुर्ल्यात 2015 नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी कचरा कितीतरी प्रकारांत वेगळा करायला लावून तिथल्या कचरा डेपोचं बघण्यासारखं ठिकाण केलं. वेंगुर्लेही आपल्यासारखंच पर्यटकांचं लहान गाव आहे.

ज्यांच्या हातात अधिकार आहेत त्यांच्याकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. बंगल्यांच्या दुरुस्तीतून निघणारा लहान राडारोडा आणून टाकायला खंडाळ्याजवळ एक रीतसर, परवडणारी, ठरावीक वेळी उघडी असणारी जागा द्या. टेम्पोवाल्यानं प्रामाणिक राहायचं ठरवलं तर ते सोपं आणि स्वस्त असलं पाहिजे. आणि नगरपरिषद आणि कुरवंडे, कुसगाव, वरसोली, कुणे या ग्रामपंचायतींनी एकत्र बसून रात्रीच्या गाड्यांवर लक्ष ठेवावं. शहराच्या हद्दीत अडवलेली गाडी पलीकडच्या गावात रिकामी होणार असेल तर अडवण्याला अर्थ नाही.

शिवदुर्ग मित्रसारखी मंडळी लोणावळ्यात आहेत. दरीत माणूस अडकला की अर्ध्या रात्री दोर घेऊन उतरणारी. किल्ल्यांवरचा कचरा गोण्यांत भरून खाली आणणारे तरुण या मावळात आहेत. 2025 मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. त्याच अभिमानानं आपण आपल्या गल्लीतल्या ओढ्याकडे बघितलं तर मनुष्यबळ कमी पडणार नाही.

मृग 7 जूनच्या सुमारास लागतं. त्याआधी आपल्या घरापासून पाचशे पावलांत असलेली प्रत्येक मोकळी जागा पाहून घ्या. ढीग दिसला तर फोटो काढा, मालक शोधा, त्याला फोन करा, त्याच्यासोबत पोलिसांत जा. मालक सापडला नाही तर पाच शेजारी मिळून प्रांतांकडे अर्ज करा. एका माणसाचा अर्ज फायलीत पडून राहतो, एका गल्लीनं सह्या करून दिलेला अर्ज सहज बाजूला ठेवता येत नाही. पहिला अर्ज या आठवड्यातच लिहा.